किती नेले, किती आणले

बेटावर तिला एक खरं नाव होतं, पण ते बोटीच्या पासावर आणि दवाखान्याच्या कार्डावर तेवढं उरलं होतं. तोंडाने कुणी घेत नसे. समोर सगळे काकू म्हणत, पाठीमागे चाचपणीबाई म्हणत, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं.

फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना बेट फिरवणं हा तिचा धंदा. काळे कडे, त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा, गवताचे उतार आणि घटकेत पालटणारी हवा, एवढ्यासाठी लोक लांबलांबून येत आणि पाठीवर गाढवाचं ओझं घेऊन तिच्यामागून चालत. हवेचा तर काडीचा भरवसा नव्हता. ऊन पडलं म्हणून कॅमेरा बाहेर काढावा तर पाऊस, पाऊस आला म्हणून झाकावा तर धुकं, आणि कंटाळून सगळं पिशवीत कोंबलं की ढगांतून असा उजेड पडायचा की पाहुणे कपाळावर हात मारून घ्यायचे. तिला स्वतःला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला वाट कळत होती, भरती-ओहोटी कळत होती, आणि माणसं मोजता येत होती.

मोजायची तिची रीत मात्र जगावेगळी. बाकीचे वाटाडे लांबून बोट नाचवत मोजत. एक जण शिट्टी फुंकून शाळेसारखे नंबर बोलायला लावी. ही प्रत्येकाच्या मागे जाई, उजव्या खांद्यावर पंजा ठेवी, जरासा दाबी, आत हाड आहे याची खात्री करून घेई आणि मगच आकडा म्हणे. थांबलं की मोजणी, निघालं की मोजणी. पाहुणे हसत. "काकू, आशीर्वाद देताय की वजन करताय?" असं कुणीतरी दर सहलीला विचारायचंच. "दोन्ही," ती म्हणायची. "ज्याला जे लागू पडेल ते घ्यावं."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ही बाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची. पण तोंड कशाने पोळलं, ते तिने अकरा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी सहली तिचा दीर न्यायचा. नवऱ्याचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, बोलघेवडा, चहात तीन चमचे साखर घालून वर आणखी मागणारा. बेटावर त्याला फोटोमास्तर म्हणत, ती भावजी म्हणायची. पाहुण्यांना तो शिकवी आणि ही मागे राहून माणसं सांभाळी. "वहिनी, मोजा हो माझी मेंढरं," असं तो पुढून ओरडायचा. शटर मिनिट-दोन मिनिटं उघडं ठेवून काढतात त्या फोटोंचं त्याला वेड होतं. त्यात पाणी दुधासारखं दिसतं आणि इकडेतिकडे हिंडणारा माणूस उमटतच नाही. "ज्याला फोटोत राहायचंय त्याने हलायचं नाही," तो पाहुण्यांना सांगायचा. "जो हलला तो गेला."

बेटाच्या पश्चिमेच्या टोकाला एक मोठं खडकाळ टेकाड समुद्रात घुसलेलं आहे. त्याला डोकं म्हणतात, आणि डोक्याला बेटाशी जोडणारी खडकांची चिंचोळी पट्टी आहे तिला मान म्हणतात. भरती आली की मान बुडते. मानेच्या अलीकडे, बेटाच्या बाजूला, मेंढ्या जाऊ नयेत म्हणून लोखंडी फाटक लावलंय. एका वेळी एकच माणूस जाईल एवढं अरुंद, आणि त्याला वजन बांधलेलं, त्यामुळे सोडलं की आपोआप धाडकन मिटतं.

त्या दिवशी डोक्यावर सहा पाहुणे होते आणि भावजी. एकूण सात. दुपारी धुकं उतरलं, वारा पाणी उडवायला लागला. भावजींचा कॅमेरा ओट्यासारख्या सपाट खडकावर ट्रायपॉडवर लावलेला होता. तो भिजू नये म्हणून त्यांनी अंगातला लांब मेणकापडी कोट काढून त्याच्यावर चढवला, पाठ समुद्राकडे आणि बटणं बेटाकडे, वाऱ्याने उडू नये म्हणून सगळी बटणं लावली, टोपी खाली ओढली आणि खालच्या पायरीवर लाटा कशा येतात ते बघायला एकटेच उतरले. हे तिने पाहिलं नाही. ती दहा-बारा पावलं वर उभी होती. भरती चढायला लागली होती आणि तिला घाई होती. तिने धुक्यातल्या काळ्या आकृत्या डोळ्यांनी मोजल्या. सहा पाहुणे, आणि ते कडेला कोट घातलेले भावजी, आपल्याकडे तोंड करून. पितळी बटणं चमकत होती. तिने त्यांना हात केला. "सात," ती म्हणाली. "चला, मी यांना घेऊन निघते."

फाटकातून सहाच बाहेर आले. मानेवर तोवर गुडघाभर पाणी झालं होतं आणि त्याला ओढ होती. ती घसा फुटेस्तोवर ओरडली. उत्तर आलं नाही.

घरी सासू आणि नवरा समोर उभे राहिले तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. तिने पाहिलं ते सांगितलं, आणि ऐकलं नव्हतं ते त्यात घातलं. "भावजी उभे होते हो आई, कोट घालून, अगदी गळ्यापर्यंत बटणं लावून. म्हणाले, वहिनी, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. मी म्हटलं चला, पण ऐकतील तर ते भावजी कसले."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला शोधायला गेलेल्यांना ओट्यावर कोट सापडला. आत ट्रायपॉड होता. आपण काय मोजलं ते तिला त्या क्षणी कळलं, पण तोवर भावजींच्या तोंडी घातलेलं वाक्य गावभर झालं होतं. लोक म्हणाले, नंतर त्याने कोट कॅमेऱ्यावर घातला असेल, हट्टी होताच तो. नवऱ्यानेही तेच मानलं. तिने मान खाली घातली. भावजी स्वतः कधीच सापडले नाहीत.

सासूबाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. त्यांनी लेकाचा कोट तसाच, बटणं न काढता, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर टांगला. कुणाला हात लावू देत नसत. आठवड्याला फडक्याने पुसत, बस्स. आणि पहिल्या महिन्यातच त्यांनी एक खोड लावून घेतली. सून सहलीवरून घरी आली की टेबलाशी बसूनच विचारायच्या.

"किती नेले?"

"आठ."

"किती आणले?"

"सगळे."

यावर त्या मान हलवायच्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. रोजचं झालं की माणसाला सवय होते म्हणतात. हिला झाली नाही. 'सगळे' म्हणताना नजर रोज दारामागे जायची, आणि तिथे तो कोट कुणी कवायतीला उभं असावं तसा ताठ लटकत असायचा.

आता सासूबाईंचे गुडघे गेले होते आणि बेटाची थंडी सोसत नव्हती. पलीकडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लेकीने, म्हणजे हिच्या नणंदेने, त्यांना कायमचं बोलावून घेतलं. उद्याच्या बोटीचं ठरलं होतं. नवरा त्याच बोटीच्या इंजिनात कामाला, तो स्वतः पोचवणार होता. दोन बॅगा आणि दोरीने बांधलेला एक खोका पॅसेजमध्ये तयार होता. म्हणजे आजचं विचारणं शेवटचं. आज खरं नाही सांगितलं तर भावजींच्या तोंडी घातलेलं ते वाक्य म्हातारीबरोबर बोटीत बसणार आणि तिच्याबरोबरच संपणार. सांगावं तर काय तोंडाने, आणि न सांगावं तर पुढचं आयुष्य काढायचं कसं, या विचारात सकाळी तिने चहात दोनदा साखर घातली.

"आज किती?" सासूबाईंनी कप खाली ठेवत विचारलं.

"सात आहेत."

"डोक्यावर जाणार?"

"त्यांना तिथलंच पाहिजे असतं ना."

सासूबाईंनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. आभाळ निळंशार होतं. "दुपारी उतरेल," त्या म्हणाल्या.

आजचे सात तसे शहाणे होते. पुढे एक निवृत्त नकाशेवाले गृहस्थ, साठीचे, प्रत्येक पाऊल मोजून टाकणारे. दाताच्या डॉक्टर असलेल्या दोन बहिणी. एक नवराबायको, जे घरून एकच लेन्स आणल्याबद्दल बोटीपासून भांडत होते. एक उंच, अबोल बाई. आणि एक विमा कंपनीतले साहेब, ज्यांच्या मोबाईलवर जगातलं सगळं हवामान होतं. मान ओलांडताना तिने सगळ्यांना बजावलं, "साडेचारपर्यंत ही वाट आपली. त्यानंतर समुद्राची. घड्याळं बघून ठेवा."

डोक्यावर पहिले दोन तास झकास गेले. ऊन, मग सर, मग समुद्रावर उभं इंद्रधनुष्य. नवराबायकोंचं भांडण मिटलं आणि पुन्हा सुरू झालं. पावणेचारच्या सुमारास पश्चिमेकडून धुकं आलं. ते सरकत वगैरे नाही आलं. आत्ता खालचा खडक दिसत होता, आणि ती पाण्याची बाटली बंद करून वर बघते तो आपले बूटही दिसेनात.

"काकू, मोबाईलवर तर स्वच्छ ऊन दाखवतंय," विमावाले म्हणाले.

"मग मोबाईललाच काढू द्या उन्हाचे फोटो. आवरा. जिथे आहात तिथेच उभे राहा, मी मोजते."

सगळे ओट्यावर एका रांगेत होते, समुद्राकडे तोंड करून, प्रत्येकापुढे त्याचा ट्रायपॉड. ती रांगेच्या मागून निघाली. पहिला खांदा नकाशेवाल्यांचा, हाडकुळा. एक. मग बहिणी, दोघींचे खांदे सारखेच गुबगुबीत. दोन, तीन. नवरा, बायको. चार, पाच. विमावाल्यांच्या खांद्यावर पिशवीचा पट्टा होता तो बाजूला सारून, सहा. उंच बाईसाठी हात वर न्यावा लागला. सात.

आणि चालण्याच्या ओघात हात आणखी पुढे गेला, तर तिथे खांदा होता.

तिने पंजा ठेवला, सवयीने दाबला. कापड थंडगार आणि निसरडं होतं. आत हाड होतं.

"आठ," ती म्हणाली.

"सात आहोत हो आम्ही," धुक्यातून नकाशेवाले म्हणाले.

"थांबा, पुन्हा मोजते." मोजणीत दोनदा एकच माणूस येऊ शकतो, ती स्वतःला समजावत होती, कुणीतरी सरकलं असेल. ती रांगेच्या टोकाला गेली आणि उलटी आली. उंच बाई एक. शेवटी नकाशेवाले, सात. तिने सुटकेचा श्वास सोडला. पण अर्धवट सुटका तिला चालत नसे. एकदा आठ, एकदा सात, म्हणजे अजून मोजणी झालेलीच नाही. तिसऱ्यांदा ती पुन्हा डावीकडून निघाली, आणि या वेळी प्रत्येकाला बजावलं की मी सांगेपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही.

पाच. सहा. सात.

आठ.

या वेळी तिने हात उचलला नाही. पंजा खांद्यावर होता आणि अंगठा गळ्याशी पोचला होता. अंगठ्याखाली कॉलर होती, जुन्या पद्धतीची, उभी, आणि कॉलरवर बटण होतं. गार, धातूचं, लावलेलं. आजच्या सातांपैकी एकाच्याही जाकिटाला बटण नव्हतं. सगळ्यांना चेनी होत्या.

ती घाबरली. खोटं कशाला सांगा. चार बोटांच्या अंतरावर काय उभं आहे ते मान वर करून बघायची तिची छाती झाली नाही. ती आपल्याच मनगटाकडे बघत राहिली. मनगटापुढे धुकं होतं. खांदा श्वास घेत नव्हता. हलतही नव्हता. नुसता उभा होता, अगदी शहाण्यासारखा, जसा फोटोत राहायचं असलेल्या माणसाने उभं राहावं तसा.

"चला," ती अगदी हळू म्हणाली. "आज सगळेच चला."

मग तिने हात काढून घेतला. तळवा ओला होता.

खात्रीसाठी, म्हणजे पाहुण्यांच्या खात्रीसाठी, तिने त्यांना आपापला आकडा ओरडून बोलायला लावला. एक, दोन, तीन, सातपर्यंत सरळ आले. सातनंतरही जो तो ऐकत राहिला. धाकटी डॉक्टरीण आपल्या बहिणीला बिलगली.

"काकू, निघूया ना," विमावाले म्हणाले. त्यांच्या आवाजातला मोबाईलचा तोरा पार उतरला होता.

तिने दोर काढला. पुढचं टोक नकाशेवाल्यांच्या हातात दिलं, कारण वाटेवर पांढरे रंगवलेले दगड आहेत आणि पाऊल मोजून टाकणारा माणूस ते चुकत नाही. बाकीच्यांनी दोर धरला. ती शेवटी राहिली, नेहमीसारखी, आणि दोराचं उरलेलं टोक तिने आपल्यामागे मोकळं सोडलं. असं ती कधी करत नसे. मोकळा दोर पायात येतो म्हणून स्वतःच पाहुण्यांना ओरडायची.

उतरताना मागून आवाज येत होता. ट्रायपॉडच्या लोखंडी टोकांचा दगडावर होतो तसा. टक, मग जरा थांबून, टक. पुढच्या सातांचे ट्रायपॉड मिटून पाठीवर बांधलेले होते, ते तिने स्वतः बघितलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. कुणी दिसलं असतं तर त्याची तयारी तिने करून ठेवली होती. पण वळून पाहिलं आणि कुणीच नसलं, तर ते तिला सोसलं नसतं.

मानेवर पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. "बघू नका, चाला," ती म्हणत होती. सव्वाचार झाले होते. दोन्ही बाजूंनी लाटा खडकांत शिरून परत जात होत्या, आणि त्या आवाजात मागची टक टक बुडाली. आता हरवले की काय, असं तिच्या मनात आलं, आणि आलं ते भीतीने नव्हे. ती मानेच्या मध्यावर, घोटाभर पाण्यात, तशीच उभी राहिली.

"काय झालं काकू?" पुढून उंच बाईने विचारलं. दिवसभरातलं तिचं हे पहिलं वाक्य.

"काही नाही. मागचे येऊ देत."

उंच बाईने तिच्या मागे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने मोकळ्या दोराला मागून हलकासा ताण आला. तशी ती चालायला लागली. दोर खडकात अडकला असेल, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

फाटकातून एकेक जण बाहेर पडला. प्रत्येकामागे फाटक धाडकन मिटत होतं, आणि ती मनात मोजत होती. सात आवाज झाले. मग ती स्वतः बाहेर आली, आणि फाटक सोडलं नाही. वजनाची ओढ सोसत दोन्ही हातांनी धरून ठेवलं, एक माणूस सामानासकट जायला लागेल तेवढा वेळ.

"कुणासाठी धरलंय?" विमावाल्यांनी विचारलं.

"वाऱ्यासाठी," ती म्हणाली.

फाटकाचं वजन तिच्या हातांत क्षणभर हलकं झालं, पलीकडून कुणी तळवा लावून ढकलावं तसं, आणि पुन्हा जड झालं. तिने सोडलं. धाड. पाहुणे दचकले, मग आपण दचकलो म्हणून हसले.

सामान ठेवायच्या शेडमध्ये सगळे दिव्याखाली ओले मोजे पिळत होते. बाहेर धुकं निघून गेलं होतं आणि अगदी चीड यावी असं पिवळं ऊन पडलं होतं. नकाशेवाले तिच्याजवळ आले. त्यांच्या हातात कॅमेरा होता, मागची काच उजळलेली. धुकं यायच्या थोडं आधी त्यांनी जरा मागे येऊन ओट्याचा दोन मिनिटांचा फोटो घेतला होता, सगळे रांगेत उभे असताना.

"जरा मोजून बघता का?" ते म्हणाले. त्यांचा आवाज बरा नव्हता.

तिने काचेवर आपला पालथा हात ठेवला. "मी हातानेच मोजते, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. दार लोटून तिने आधी दारामागे पाहिलं. कोट होता तिथेच होता. तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला हात लावला. कोरडा ठणठणीत होता. उजवा खांदा दाबला, तर नुसतं कापड चुरगळलं.

सासूबाई टेबलाशी पदराच्या टोकाने चष्मा पुसत बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं. चष्मा लावला.

"किती नेले?"

"सात."

"किती आणले?"

तिने तोंड उघडलं. 'सगळे' हा शब्द अकरा वर्षं आपोआप येत होता. आज तो आला नाही.

"आठ," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

मग ती बोलतच राहिली, एकदा सुटल्यावर थांबणं तिच्या हातात नव्हतं. आई, भावजी माझ्याशी काहीच बोलले नव्हते. व्हा पुढे म्हणाले नव्हते, मी आलोच म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नाही. मी लांबून मोजलं. त्यांचा कोट मोजला मी, आई. ते खाली होते, आणि मी कोटाला हात करून सगळ्यांना घेऊन आले. सगळं सांगितलं, डोक्यावरच्या खांद्याचंही सांगितलं, दोराचं, फाटकाचं. सांगून झाल्यावर ती म्हाताऱ्या पायांपाशी डोकं टेकून रडली. काय व्हायचं ते होऊ दे, असं तिला वाटलं.

"मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या.

तिने डोकं वर केलं.

"त्याच दिवशी कळलं. तूच सांगितलंस ना. कोट घालून उभे होते, गळ्यापर्यंत बटणं लावून." सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. "माझा लेक गळ्याचं बटण लावत नसे. लहानपणापासून. जीव गुदमरतो म्हणायचा. शाळेत त्या एका बटणापायी मार खायचा, पण लावायचा नाही. तू सांगितलंस, आणि मला कळलं की तू त्याला बघितलेलंच नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून. रोज विचारत होते की."

अकरा वर्षं ती म्हातारीपासून एक गोष्ट लपवत होती, आणि म्हातारी रोज संध्याकाळी तिच्यासमोर दार उघडून धरत होती.

"राग होता," सासूबाई म्हणाल्या. "खूप होता. मोजणीत चूक कुणाचीही होईल ग, धुक्यात मीही चुकले असते. पण तू त्याच्या तोंडी शब्द घातलेस. त्याचे शेवटचे शब्द म्हणून लोक मला तेच सांगत होते, आणि मला माहीत होतं की ते त्याचे नाहीत. उद्या चाललेय ती गुडघ्यांपायी नाही. विचारून विचारून दमले."

मग त्या टेबलाला धरून उठल्या. गुडघे कुरकुरले. सून आधाराला धावली तशी तिचा हात बाजूला सारून त्या एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेल्या, कोटापुढे उभ्या राहिल्या आणि त्याच्या गळ्याशी बोटं घातली.

"अकरा वर्षं लावून ठेवलं मी हे," त्या म्हणाल्या. "तू बोलशील तेव्हा काढीन म्हणून. माझंही चुकलंच. गळा आवळत असेल ग त्याचा."

बटण हिरवं पडून काजात घट्ट बसलं होतं. म्हातारीच्या बोटांना काही निघेना. शेवटी दोघींनी मिळून काढलं.